रशिदाभाभींचं प्रमोशन

एचआरमध्ये बरीच वर्षं काढली की माणसाकडं दोन गोष्टी साचतात. ॲसिडिटी आणि किस्से. ॲसिडिटीला गोळी तरी मिळते. किस्से मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय खाली उतरत नाहीत.

परवा सांगलीत उद्योजकांच्या एका मेळाव्यात मला 'कर्मचारी व्यवस्थापनाच्या सोप्या युक्त्या' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मी गुमान स्लाइड दाखवून आले. 'माणसं जपा', 'संवाद वाढवा', बाजूला हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो. टाळ्या पडल्या, नारळ आणि शाल मिळाली. परत येताना रिक्षात मला माझाच इतका राग आला की विचारू नका! कारण या विषयातलं मला जे काही खरं कळतं ते मी तासगावच्या एका बेदाण्याच्या कारखान्यात शिकले, आणि त्यातलं एक अक्षर त्या स्लाइडवर नव्हतं. ते आता तुम्हाला सांगते. मधे बोलू नका.

*

माझं माहेर मेढ्याचं, सासर सांगलीचं. आधी साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी केली, मग मुलांच्या शाळेसाठी सांगलीत आले आणि तासगावच्या या कारखान्याची जाहिरात बघून अर्ज टाकला.

मुलाखत घ्यायला खुद्द मालक. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. माझी सर्टिफिकेटांची फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"म्हायेर कुठलं?"

"मेढा."

"जावळीतलं व्हय! मग टिकशिला तुमी. सासरं काय करत्यात?"

सासरे झाले, दीर झाले, जाऊबाई झाल्या. शेवटी मीच विचारलं, "अण्णा, तुम्हाला एचआर नक्की कशासाठी हवंय?"

अण्णा तसे मोकळे माणूस. म्हणाले, "आवं, परदेशातल्या गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला आलता. त्येच्या यादीत दोनच गोष्टी ऱ्हायल्या. एक आग विझवायचं नळकांडं आन दुसरं एचआर. नळकांडं काल आणलं."

माझं टेबल बरोबर त्या लाल नळकांड्याच्या खाली लावलेलं होतं. पहिल्या दिवशी अण्णा समोर उभे राहून आम्हा दोघांकडं कौतुकानं बघत म्हणाले, "दोनी बी वापरायची येळ येऊ नये, येवडंच देवाला सांगणं!"

मी हसले. तो विनोद नव्हता हे मला पुढं कळलं.

*

कारखान्यात एकशे चाळीस बायका बेदाणा निवडायच्या. काडी बाजूला, खडा बाजूला, काळा पडलेला दाणा बाजूला, आणि उरलेला माल रंगाप्रमाणं वेगळा. या सगळ्यांवर लक्ष रशिदाभाभींचं. तेवीस वर्षं त्या तिथं होत्या. नवा माल आला की मूठभर हातात घ्यायच्या, दाबून बघायच्या, एक दाणा तोंडात टाकायच्या आणि सांगायच्या, "ह्यो दोन म्हयन्यात चिकाट हुणार. आदी ह्यो इका." अण्णा मुकाट्यानं तो आधी विकायचे. कुणाची नजर कमी झालीय, कुणाचं मूल तापानं फणफणलंय, कुणाला कुणाशेजारी बसवलं तर भांडणं होतील, सगळं भाभींना ठाऊक. काम सुपरवायझरचं. कागदावर हुद्दा हेल्पर!

मी पहिल्याच महिन्यात अण्णांना म्हटलं, भाभींना रीतसर सुपरवायझर करा.

"हुद्दा कशाला मधी?" अण्णा म्हणाले. "आपण सगळी एक कुटुंब हाय."

हे कुटुंबाचं ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. का ते ऐका. त्याच सुमारास अण्णांच्या मुलीचं लग्न झालं. एकशे चाळीस बायकांना आमंत्रण. दिवस रविवारचा, म्हणजे त्यांच्या सुट्टीचा. बिचाऱ्या ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून गेल्या. मांडवाच्या दारातूनच त्यांना मागच्या बाजूला नेलं आणि हातात पोळपाट-लाटणी दिली! गजऱ्यांवर पीठ उडेपर्यंत त्यांनी चपात्या लाटल्या.

सोमवारी अण्णा शेडमध्ये आले. खुशीत होते. "जेवलासा न्हवं पोटभर? घरचंच लगीन हुतं!"

भाभींनी मान वर केली नाही. बेदाणा निवडता निवडताच म्हणाल्या, "जेवलो की अण्णा. येकच इचारायचं हुतं. घरच्या बाया म्होरं खुर्च्यांवर बसल्या हुत्या. मग आमी कुठल्या घरच्या?"

अण्णांनी खिशातून फोन काढून कानाला लावला. फोन वाजलेला नव्हता.

कुणाला सल्ला हवा असेल तर हा घ्या, फुकट आहे. कामगारांना कुटुंब म्हणायचं असेल तर आधी पंगतीला बसवा. ते जमत नसेल तर सरळ कामगार म्हणा, त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही.

*

मग पुण्याहून एमबीए करून अण्णांचा मुलगा आला. छोटे मालक. आल्या आल्या त्यांनी हजेरीचं मशीन बसवलं, अंगठा लावायचं.

आता बेदाणा निवडणाऱ्या बाईचा अंगठा कधी बघितलाय का तुम्ही? वर्षानुवर्षं दाणा घासून घासून रेषा गेलेल्या, वर बेदाण्याच्या साखरेचा चिकटा. मशीन आपलं एकच पालुपद लावायचं, 'प्लीज ट्राय अगेन'. बायकांची रांग गेटच्या बाहेर जायची. गेटवर आमचे सुभेदार होते, साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले, साहेबाशी बोलायचे ते अजून फौजी हिंदीतच. ते प्रत्येकीची वेळ त्यांच्या वहीत टिपून ठेवायचे, मशीन काहीही म्हणो.

आठवड्याचा रिपोर्ट निघाला. रशिदाभाभी सहापैकी चार दिवस गैरहजर! छोट्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी होतेच, सुभेदारही वही घेऊन आले.

"सिस्टीमनुसार तुम्ही चार दिवस आलेल्याच नाही."

"आवं, मंगळवारी तुमीच न्हवं का मला म्हनलासा, भाभी, चहा सांगा म्हणून?"

"ते मला माहितीय हो. पण सिस्टीमला माहीत नाही."

सुभेदार टाचा जुळवून पुढं झाले. "साब, मैं चश्मदीद गवाह हूँ! बाई रोज आठ बजे रिपोर्ट करती है."

"सुभेदार, गवाह नको. डेटा लागतो."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "तेवीस वर्षं तुमचा माल निवडून या बाईच्या बोटावरच्या रेषा पुसल्या गेल्या, आणि आता तुम्ही तिलाच विचारताय, तू आहेस कशावरून?"

छोट्या मालकांनी ते लॅपटॉपमध्ये लिहून घेतलं. वर हेडिंग टाकलं, 'फीडबॅक'.

शेवटी तोड निघाली. निवडायच्या कामात जे बोट घासत नाही ते मशीनला द्यायचं ठरलं. असं एकच बोट सापडलं, डाव्या हाताची करंगळी. दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे चाळीस बायका धुऊन-पुसून कोरडी केलेली करंगळी वर धरून रांगेत उभ्या राहिल्या, कुठं लागून परत ओली-चिकट व्हायला नको म्हणून. तेवढ्यात अण्णांची गाडी आली. काच खाली झाली. अण्णांनी ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि मला हळूच विचारलं, "आवं म्याडम, सगळ्यास्नी येकदमच लागली व्हय?"

*

लागली तरी जायला मिळत कुठं होतं! छोट्या मालकांनी त्याच पंधरवड्यात संडासाला टोकन लावलं. चाळीस बायकांत एक पितळी बिल्ला. ज्या बाईच्या हातात बिल्ला, तिनंच उठायचं. का, तर म्हणे 'प्रॉडक्टिव्हिटी लॉस'. मी भांडले, लेखी विरोध दिला, कायदा दाखवला. उत्तर आलं, "ट्रायल बेसिसवर आहे, मॅडम." बायका पाणी प्यायच्या बंद झाल्या. एप्रिलमध्ये, पत्र्याच्या शेडखाली! दोघींना मूतखड्याचा त्रास सुरू झाला.

एक दिवस परदेशी गिऱ्हाइकाबरोबर छोट्या मालकांची मीटिंग लांबली. चहा झाला, कोल्ड्रिंक झालं, परत चहा झाला. ऑफिसच्या बाथरूमचा नळ नेमका त्या दिवशी फुटलेला. छोटे मालक लगबगीनं शेडमागच्या संडासाकडं निघाले. दारात सुभेदार, सावधान पवित्र्यात.

"साब, टोकन?"

"सुभेदार, बाजूला व्हा!"

"ऑर्डर आपही का है, साब. सबके लिए."

मोकळा बिल्ला तेवढा एकच, रशिदाभाभींच्या ओळीत होता. छोटे मालक शेडभर चालत गेले, सगळ्यांसमोर त्यांनी तो मागून घेतला आणि पळत परत आले. टोकन त्याच दुपारी बंद झालं. बायकांच्या मूतखड्यांनी झालं नाही, माझ्या लेखी विरोधानं झालं नाही. मालकाच्या मुलाला कळ आली तेव्हा झालं.

*

मी म्हटलं, आता वारं जरा फिरलंय तर भाभींचं प्रकरण पुढं रेटू. 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' सुरू करायची कल्पना मांडली. पहिलं नाव रशिदाभाभींचं. म्हणजे प्रमोशनला पाया तयार होईल, असा माझा हिशेब. अण्णांना कल्पना फार आवडली. "मोठा फोटू लावू! फ्रेम करून!"

मी दोन दिवस साताऱ्याला गेले होते. परत आले तर ऑफिसच्या भिंतीवर भाभींचा भला मोठा फोटो, सोनेरी फ्रेम, आणि फोटोला झेंडूचा ताजा हार! खाली उदबत्तीसुद्धा लावलेली. अण्णा अभिमानानं म्हणाले, "नुसता फोटू बरा दिसंना. मान द्यायचा तर रीतसर द्यावा."

मी हार काढायला स्टुलावर चढणार, तेवढ्यात आष्ट्याचे एक जुने व्यापारी आत आले. फोटोकडं लक्ष गेलं. टोपी काढून हातात घेतली, डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले. मग दबक्या आवाजात अण्णांना म्हणाले, "लय वाईट झालं. लय गुणाची बाई. कवा झालं हे?"

मालाचा नमुना दाखवायला भाभी परात घेऊन त्यांच्या मागंच उभ्या होत्या. "अजून न्हाई झालं," त्या म्हणाल्या. "पर ह्यांचा मान असाच चालू ऱ्हायला तर हुईल लवकर!"

व्यापारी परातीत पडता पडता वाचले.

*

आता जे सांगते ते माझं पाप आहे.

छोट्या मालकांनी ठरवलं, कारखान्याला लेखी धोरण हवं. कुठल्या पदाला काय पात्रता, कुणाला कधी बढती. काम माझ्याकडं. मला आनंद झाला. वाटलं, चला, आता भाभींची जागा कागदावर येईल. मुदत होती चार दिवसांची. मी काय केलं, साताऱ्याच्या जुन्या कंपनीतला माझाच एक नमुना होता, तो उघडला, नावं बदलली, सही केली, दिला. सुपरवायझरच्या पात्रतेत एक ओळ होती, 'किमान शिक्षण दहावी पास'. साताऱ्याच्या इंजिनिअरिंग कंपनीत ती ठीक होती. इथं मी ती वाचलीसुद्धा नाही.

भाभी सातवी शिकलेल्या.

महिन्याभरात सुपरवायझर म्हणून अण्णांच्या मेव्हण्याचा मुलगा आला. बीबीए. बेदाणा त्यानं तोवर फक्त शिऱ्यात बघितलेला. आणि त्याला काम शिकवायचं कुणी? रशिदाभाभींनी!

मी छोट्या मालकांकडं तीनदा गेले. ती अट काढा, अनुभवाला सूट द्या, माझी चूक झाली, लेखी देते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, पॉलिसी तुमचीच आहे, सही तुमचीच आहे. माणसागणिक नियम बदलायला लागलो तर संस्था कशी उभी राहणार?"

हे शेवटचं वाक्यसुद्धा माझंच होतं. त्यांच्याच ट्रेनिंगमध्ये मी ते त्यांना शिकवलं होतं. चपराक बसावी तसं झालं.

मग मी भाभींकडं गेले. जेवणाच्या सुट्टीत त्या शेडच्या कडेला एकट्याच भाकरी खात बसल्या होत्या. मी म्हटलं, "भाभी, हे माझ्यामुळं झालं. मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम न्हाई केलं, म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. त्यांनी भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "पर म्याडम, रागवू नगा, येक सांगा. तो कागूद लिवताना तुमी मान वर करून येकदा तरी शेडकडं बघितलं हुतं का?"

मालकांवर चिडायला मला जन्मभर जमलं, पण त्या दिवशीचा राग अजून माझ्याच अंगावर येतो.

*

भाभींनी त्या मुलाला आठ दिवस शिकवलं. अगदी मनापासून, हातचं काही राखून न ठेवता. हिरवा कसा ओळखायचा, ओल कशी तपासायची, कुणाला कुठं बसवायचं. नवव्या दिवशी त्या आल्या नाहीत. समोरच्याच रस्त्यावर एका नव्या माणसाची शेड होती. तिथं त्या सुपरवायझर म्हणून लागल्या.

अकरा वाजायच्या आतच आमचं काम ठप्प. गोदामात तीन ठिकाणचा माल पडलेला, कुठला आधी पाठवायचा हे ठरेना. अण्णा नव्या सुपरवायझरला म्हणाले, "आरं, तोंडात टाकून बघ की!" त्यानं प्रत्येक ढिगातला एक एक दाणा खाल्ला, डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं, "मामा, सगळंच गोड हाय."

अण्णांचा पारा चढला. सगळा राग निघाला तो भाभींवर. "अशी न सांगता-सवरता जाती म्हंजे काय! नोटीस न्हाई, काय न्हाई! कायदा हाय का न्हाई? म्याडम, येक म्हयन्याची नोटीस लागती न्हवं?"

"नेमणुकीच्या कागदात लिहिलेली असेल तर लागते," मी म्हटलं.

"मग घ्या तिची फाईल! आत्ताच्या आत्ता जायचं तिच्या घरी!"

त्या फाईलमध्ये काय आहे ते मला ठाऊक होतं. एकशे चाळीस नेमणूकपत्रं तयार करून मी तीनदा अण्णांच्या टेबलावर ठेवली होती. तिन्ही वेळा ती परत आली होती. "कागूद दिला की मानूस परकं हुतंय," असं अण्णांचं म्हणणं. ते त्यांना आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली नाही. फाईल काखेला मारली आणि गाडीत बसले.

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. गाडी आत जाईना, चालत गेलो. भाभींचे मिस्टर घड्याळं दुरुस्त करतात, ते दारातच बसले होते. लगबगीनं उठले, अण्णांना खुर्ची दिली, मला पाट दिला. भाभी नव्या कामावरून जेवणाच्या सुट्टीला नुकत्याच घरी आल्या होत्या. "या अण्णा, या म्याडम," म्हणत त्यांनी आधी चहा टाकला. चहा हातात येईपर्यंत अण्णा गप्प बसले, एवढी रीत त्यांना होती.

मग सुरुवात झाली. "रशिदा, तेवीस वर्सं तुला घरच्यावानी वागवली. आन तू अशी? काय कायदा-बियदा असतोय का न्हाई? म्हयनाभर आदी लिवून द्याया लागतंय. न्हाई दिलं तर मला कोर्टात जाता येतंय. ह्या म्याडमना इचार!"

भाभींनी पदर सारखा केला. आवाज जराही वाढवला नाही.

"देते की, अण्णा. जेवडी म्हनशिला तेवडी नोटीस देते. फकस्त म्या तुमच्याकडं कामाला हुती, आसं लिवल्यालं येक कागूद दावा. त्येच्यावर बघून लिवते."

अण्णांनी माझ्यापुढं हात केला. मी फाईल त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उघडली. आत आधार कार्डाची एक झेरॉक्स होती आणि एक पासपोर्ट साइज फोटो. अण्णांनी झेरॉक्स उलटी करून बघितली. फाईल झटकून बघितली. खाली काही पडलं नाही. भाभींचे मिस्टर एका डोळ्याला भिंग लावून घड्याळात बघत होते, त्यांनी ते काढलं.

"म्याडम!" अण्णा माझ्याकडं वळले. "आवं, गप काय बसलाय! तुमी एचआर न्हवं का? बोला की काय तरी!"

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "भाभी, अजून अर्धा कप मिळेल का?"